लिमयांचं कुलूप

सांगलीच्या गावभागात ‘देवदत्त लिमये कुठं राहतात हो?’ असं विचारलंत तर चारातले तीन जण ठाऊक नाही म्हणतील. ‘फुटाचे लिमये’ म्हणालात, तर पानवाला गिऱ्हाईक सोडून घर दाखवायला येईल. पस्तीस वर्षं या माणसानं एका सरकारी कचेरीत बसून एकच काम केलं. आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फूट, किती इंच आहे ते टिपून घ्यायचं आणि वर कळवायचं. पाणी चढायला लागलं की अर्धं गाव त्यांना फोन करायचं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “लिमये, किती?” “अडतीस-चार.” की फोन खाली. नदी चढली तर दोष लिमयांचा, आणि उतरली तर कृपा देवाची. त्या पस्तीस वर्षांत कुणी त्यांना शाबास म्हटल्याचं ऐकिवात नाही.

अंगानं काडी, शर्टाच्या खिशात दोन पेनं, चारचौघांत बोलायची चोरी. अशा माणसाला कशाचं तरी वेड लागतंच. लिमयांना लागलं कॉम्प्युटरचं. कचेरीत पहिलं यंत्र आलं तेव्हा बाकीचे त्याला हार घालून लांब उभे राहिले, लिमये मात्र जवळ गेले ते तिथंच चिकटले. पुस्तकं आणून आपले आपण शिकले. आणि दोन हजार बारा-तेरा साली, कचेरीतून आलं की चहा घेऊन बसायचं असं करत, त्यांनी ‘कडी’ लिहिली.

कडी म्हणजे सॉफ्टवेअरची लायब्ररी. पुस्तकांची नव्हे. एखाद्यानं कोड तयार करून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्यांनी तो आयता उचलून आपापल्या कामात बसवायचा, तसली. कडीचं काम होतं कुलूप लावण्याचं. दाबून लावायचं कुलूप असतं ना, किल्ली हातात नसली तरी खटकन् बसतं, तसं ते कुलूप. लावायला कुणीही लावावं, अगदी लडाखमधून लावावं. उघडायची किल्ली मात्र एकच, आणि ती एकाच माणसाच्या फोनमध्ये. असली कुलपं जगात मोठमोठ्या गणित्यांनी बनवून ठेवलेली होती, फुकट मिळत होती. जाणकार सांगत होते, बाबांनो, स्वतःचं बनवायला जाऊ नका. लिमयांनी बनवलं. उमावहिनी तेव्हा म्हणायच्या, “मागच्या दाराची कडी सहा महिने लागत नाहीये, आणि हे जगाला कड्या लावत बसलेत!”

आता चूक कुठं झाली ते सांगतो, कारण सगळं पुढचं रामायण त्या चुकीचं आहे. किल्ली बनवायची तर कुणाला ओळखता येणार नाही असा आकडा लागतो. असा आकडा आणायचा कुठून? सांगलीबाहेरच्या कुणाच्याही डोक्यात आलं नसतं ते लिमयांच्या डोक्यात आलं. पंचवीस वर्षं नदी बघितलेला माणूस तो. भल्याभल्या इंजिनिअरांचे अंदाज कृष्णेनं फुटाफुटानं खोटे पाडलेले त्यांनी बघितले होते. उद्या पाणी किती, हे ब्रह्मदेवाला सांगता येत नाही! मग त्यांनी काय केलं, पुलाच्या पातळीचे वर्षानुवर्षांचे आकडे कडीच्या पोटात भरले, रोजचे नवे आकडेही तिला आपोआप मिळत राहतील असं केलं, आणि किल्ली बनवताना त्या दिवशीची तारीख नि वेळ घेऊन त्या आकड्यांत घुसळायची सोय केली. स्वतःवर इतके खूश झाले की आठवडाभर जेवताना हसत होते.

अहो, उद्याची नदी कुणाला ठाऊक नसते हे खरं. पण कालची? कालची तर फळ्यावर लिहिलेली असते, पेपरात छापून येते! किल्ली कुठल्या दिवशी, साधारण कुठल्या वेळी बनली एवढं कळलं, की बाकीचं ओळखायला एक साधा लॅपटॉप नि अर्धा दिवस पुरे. म्हणजे दारं सगळी उघडीच होती, फक्त कुणी ढकलून बघितली नव्हती.

साताऱ्यात उदयसिंह म्हणून एक निवृत्त सुभेदार होते. फौजेत सिग्नलला होते, तिथून आल्यावर चार पोरं घेऊन त्यांनी छोटी कंपनी काढली आणि जवानांसाठी ‘जपणूक’ नावाचं ॲप केलं. जवानानं चौकीवरून बोलायचं, आवाज तिथंच बायकोच्या कुलपात बंद व्हायचा, रेंज मिळेल तेव्हा साताऱ्याला पोचायचा, आणि उघडायचा तो फक्त तिच्या फोनवर. मधे कंपनीलासुद्धा ऐकता यायचा नाही. कुलूप लिमयांचं. उदयसिंह गावोगाव सभा घ्यायचे आणि ठासून सांगायचे, “नवरा-बायकोतलं बोलणं हाय, त्यात परमेसुराचाबी कान जायचा न्हाई!” अकराशेच्या वर घरांनी त्यावर विश्वास टाकला.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात लिमयांना आपली चूक कळली. कुणी दाखवली नाही, कुठलासा लेख वाचता वाचता त्यांना स्वतःलाच ती दिसली. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग त्यांनी गुपचूप दुरुस्ती केली. यापुढच्या किल्ल्यांसाठी आकडा फोनच्या आतल्या यंत्रणेकडूनच यावा, नदीचा संबंध नको. कंपनीला दुरुस्तीची चिठ्ठी पाठवली, तिच्यात दोन शब्द लिहिले: ‘किरकोळ बदल’. आधी बनलेल्या किल्ल्या तशाच राहिल्या. त्या बदलायच्या तर सगळ्यांना सांगावं लागलं असतं, आणि सांगायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. माणूस गप्प बसला. वाईट नव्हता हो, पण गप्प बसला, आणि याचा राग येतो.

पुढच्या वर्षी माण तालुक्यातल्या एका गावचा ज्ञानू नावाचा फौजेतला नाईक बर्फात गाडी घसरून गेला. दिवाळी तोंडावर होती. जाण्याच्या चार दिवस आधी त्यानं चौकीवरून जपणूकमध्ये काहीतरी बोलून ठेवलं होतं. ते साताऱ्याला पोचलं, पण त्या रडारडीत, माणसांच्या गर्दीत त्याच्या बायकोचा, दीपमालाचा फोन शेळ्यांच्या हौदात पडला तो कायमचा गेला. किल्ली फोनमध्ये. उदयसिंहांनी तेव्हा सांगलीला फोन केला होता. “लिमयेसाहेब, काय मार्ग?” लिमये म्हणाले, “नाही सुभेदार. किल्ली गेली म्हणजे गेली. कुलूपच तसलं आहे.” आणि हे म्हणताना त्यांना ठाऊक होतं, की ते कुलूप एका दुपारात उघडतं.

दीपमाला तरीही दरवर्षी यायची. दहिवडीहून एसटीनं साताऱ्याला, कंपनीच्या बाकावर बसायची, नाही ऐकायची, परत जायची.

यंदा मार्चच्या तीन तारखेला सकाळी मयूरीचा फोन आला. मयूरी म्हणजे उदयसिंहांच्या कंपनीतली मुख्य इंजिनिअर. तीस वर्षांची, वाईची, बोलायला गोड आणि कामाला कडक.

“लिमये काका, कडीचं काम झालं बघा. आता कुलूप बदलता येईल अशी खाच केलीय मी. किल्ली बनव, लाव, उघड, एवढे तीनच हुकूम. आत कुठलं कुलूप आहे ते बाहेरच्या कोडला कळतसुद्धा नाही. तुमचं जुनं बसतं, जगभर वापरतात ते बसतं, आणि उद्या ती नवी अफाट यंत्रं येणार म्हणतात ना, त्यांनाही दाद न देणारं एक आहे, तेही बसतं.”

“छान,” लिमये म्हणाले. दारावरची आपली पाटी कुणीतरी नीट, एकेक स्क्रू सोडवून उतरवतंय, असं त्यांना वाटलं.

“पाडव्याच्या मुहूर्तावर नवं कुलूप सुरू करायचं, असं सुभेदारांनी ठरवलंय. तोवर तुम्ही पडताळा बघाल का? एकच निरोप तिन्ही कुलपांतून घालायचा, काढायचा, जसाच्या तसा निघतो का बघायचं. तुमच्याइतकं बारकाईनं कोण बघणार? आणि काका, पाडव्याला तुमचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, सगळं. अकरा वर्षं एकाचंही कुलूप तुटलं नाही, म्हणजे काय चेष्टा आहे!”

लिमये म्हणाले, पडताळा उद्यापासून घेतो. मयूरीला वाटलं, लाजले.

मग तिचा आवाज उतरला. “एकच वाईट वाटतंय. लोकांची जुनी पाकिटं, म्हणजे ते कुलूपबंद निरोप, त्यांच्याच फोनवर उघडून नव्या कुलपात घालतोय. पण सात जणांच्या किल्ल्याच हरवल्यात. पाडव्याला जुनं कुलूप कोडमधून कायमचं काढणार, त्याबरोबर ती सात पाकिटंही पुसायची. त्यात ती दीपमाला आहे. तिच्या सासूबाई, राहीबाई, आत्या म्हणते ती त्यांना, अंथरुणाला खिळल्यात. दीपमाला आत्ता बाहेर बाकावरच बसलीय, म्हणाली, मला काय नको, पण त्यात आत्यासाठी काय बोललाय का तेवढं बघा.”

आणि मग तिनं जे सांगितलं ते लिमयांनी आधी कधी ऐकलं नव्हतं. शेवटच्या रजेत ज्ञानूचं आणि आईचं वाजलं होतं. त्याला बायको नि लेक साताऱ्याला ठेवायची होती, लेकीच्या शाळेसाठी. म्हातारीला ते घर तोडल्यासारखं लागलं. त्यांच्या घरची रीत अशी, की फौजेवर निघालेल्या माणसाच्या हातावर आईनं दही घालायचं, ते चाटून त्यानं उंबरा ओलांडायचा. त्या दिवशी राहीबाई आतून बाहेर आलीच नाही. पोरगा दारात थोडा वेळ थांबला, आणि निघून गेला. तो परत आला पेटीतून. तेव्हापासून म्हातारीनं दही तोंडाला लावलं नव्हतं. माझं लेकरू माझ्यावर रागावून गेलं, एवढंच तिचं पालुपद.

“काहीच नाही ना होणार काका?” मयूरीनं विचारलं.

“बघतो,” लिमये म्हणाले. आणि लगेच म्हणाले, “पण नाही होणार.”

बोलून गेले, आणि फोन हातात धरून तसेच बसले. उमावहिनींनी विचारलं तेव्हा सत्काराचं सांगितलं, बाकीचं गिळलं.

पुढचे दिवस त्यांनी पडताळ्यात घालवले. मयूरीचं काम चोख होतं. निरोप जायचे, यायचे, शब्दाला शब्द जुळायचा. लिमयांनी तिच्या दोन बारीक चुका काढल्या, तिनं ‘वा काका’ म्हणून दुरुस्त केल्या. मनात एक हिशेब सारखा चालू. पाडव्याला जुनं कुलूप निघालं की त्याबरोबर ती चूकही निघाली. कुणाच्या बापाला कळायचं नाही. अकरा वर्षांत कुणाचं काही बिघडलं नाही, मग आता शेवटच्या महिन्यात कशाला? त्या बाईंचं वाईट झालं, पण पाकीट उघडूनही त्यात काय असणार? ‘पैसे पाठवलेत, पोरीला जप.’ असंच काहीतरी असणार. अशी स्वतःची समजूत घालत ते संध्याकाळी घाटावर जाऊन बसत, आणि पाण्याकडं न बघता पायरीकडं बघत.

होळी झाली. पुरणाची पोळी झाली. लिमयांनी दोन खाल्ल्या, तिसरी आग्रहाची होती तीही खाल्ली.

सव्वीस तारखेला मयूरीचा निरोप आला, काका, सत्कारासाठी तुमचा परिचय हवा, दहा ओळी. लिमये सकाळी कागद घेऊन बसले. जन्म, शिक्षण, नोकरी, सगळं भराभर लिहून झालं. पाच ओळीसुद्धा झाल्या नाहीत. एकसष्ट वर्षांचा माणूस पाच ओळींत संपला, म्हणून त्यांनी सहावी लिहिली: ‘त्यांनी बनवलेलं कुलूप अकरा वर्षांत एकदाही कुणाला उघडता आलं नाही.’ आणि पेन थांबलं.

दुसऱ्या दिवशीपर्यंत कागद टेबलावर तसाच होता. उमावहिनींनी झाडताना तो उचलला, मोठ्यानं वाचला आणि कौतुकानं म्हणाल्या, “हे छान लिहिलंत हो. शेवटचं वाक्य तर—”

“ते खोटं आहे,” लिमये म्हणाले.

आणि सगळं सांगितलं. नदीचे आकडे, दोन हजार सोळा, किरकोळ बदल, हौदातला फोन, दही. उमावहिनी केरसुणी हातात धरून ऐकत राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या या माणसावर हजार वेळा चिडल्या होत्या, पण असा चेहरा त्यांचा लिमयांनी बघितला नव्हता.

“म्हणजे तुम्ही उघडू शकत होता?”

“हो.”

“आणि ती म्हातारी तिकडं तडफडतेय. कशासाठी हो? शाल पांघरायची होती म्हणून?”

लिमयांनी कागद ओढून सहावी ओळ खोडली.

“आधी फोन करा,” वहिनी म्हणाल्या. “माझ्यासमोर करा.”

त्यांनी केला. मयूरीला चूक सांगितली, नीट, मुद्देसूद, जशी पडताळ्याची टाचणं सांगायचे तशी. तिनं ती पुन्हा एकदा सांगायला लावली. मग तिनं विचारलं, “हे तुमच्या कधी लक्षात आलं काका?”

समोर बायको उभी. तरी तोंडातून निघालं ते असं: “परवाच. पडताळा घेताना.”

वहिनींनी कपाळावर हात मारला आणि आत गेल्या.

मयूरी भली पोरगी. ती म्हणाली, बरं झालं सापडलं. जुन्या किल्लीवाल्या सगळ्या घरांना कळवावं लागेल, सुभेदारांना मी सांगते. सत्काराचं मात्र… लिमये म्हणाले, सत्काराचं नाव काढू नकोस. दीपमालाला तिनं लगोलग बोलावणं धाडलं. शनिवारी या, पाडव्याच्या आदल्या दिवशी, कदाचित उघडेल.

शनिवारी लिमये पहिल्या गाडीनं साताऱ्याला गेले. राजवाड्यामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर कंपनीच्या दोन खोल्या. उदयसिंह नव्हते. अकराशे घरांना काय तोंड दाखवू म्हणून घरी बसलेत, असं मयूरीनं हळूच सांगितलं. लिमयांनी मान खाली घातली. कडीचं जुनं रूप, नदीच्या आकड्यांसकट, ते आपल्या लॅपटॉपवर घेऊन आले होते.

दहाला दीपमाला आली. पस्तिशीची असेल, पण उन्हानं जास्त दिसत होती. हातात कापडी पिशवी, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. मयूरीनं विचारलं, “आजी कशा आहेत?”

“आदी ह्ये हुंद्या, मॅडम,” ती म्हणाली आणि बाकावर न बसता टेबलाशीच उभी राहिली.

लिमयांनी विचारलं, “बाई, ही किल्ली तुमच्या फोनवर कधी बनवली, आठवतंय? दिवस आठवला तर काम होईल.”

“आठवायचं काय त्यात? पियूचं जावळ काढलं त्या दिशी. प्रियदर्शनीचं, माझ्या लेकीचं. औंधला, यमाईच्या डोंगरावं. पौषातली जत्रा हुती, जानेवारीची पाच. वर्सं दोन हजार पंधरा. जावळ झालं, आन् निवद दाखवायच्या आदी त्येनी फोन माझ्या हातात दिला, म्हनलं दाब हितं. म्या दाबलं. आत्या म्हणत हुत्या, देवीम्होरं कसला खेळ करताय.”

“किती वाजले असतील?”

“ऊन डोक्यावं आलं न्हवतं आजून.”

लिमयांनी चार जानेवारीची संध्याकाळची पातळी घेतली, पाचची सकाळची घेतली, आणि आठपासून बारापर्यंतचा एकेक क्षण यंत्राला चाचपायला लावला. आकडे पडद्यावर पळायला लागले. मयूरीनं चहा मागवला. तिघांनीही तो घेतला नाही, कपांवर साय धरली. दीपमाला पडद्याकडं टक लावून होती, तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिनं नजर हलवली नाही. पाऊण तासानं यंत्र थांबलं. दहा वाजून एकेचाळीस मिनिटांवर किल्ली बसली होती.

“उघडलं,” लिमये म्हणाले.

मयूरीनं आवाज लावला. आधी नुसता वारा. मग एक माणूस खाकरला.

“हॅलो… दीपे, ऐकू येतंय का? न्हाई, म्हंजी तू मागनं ऐकणार. बरं हाय मी. ह्ये आयेला ऐकीव. आये, त्या दिशी तू भायेर आली न्हाईस, त्ये मनात धरू नगंस. आगं आली आसतीस तरी दही कुठलं? घरात न्हवतंच! पहाटं म्याच खाल्लं, भाकरीसंगट, उभ्या उभ्या. वाडगं धुऊन पालतं घातलं, तू वरडशील म्हणून. मला राग न्हाई. ह्यांना साताऱ्याला न्यायचं का न्हाई ते तूच ठरीव, तू म्हणशील तसं. पुढल्या खेपंला हातावं नगं, वाडगंच भरून दे. लय गार हाय हितं. ठेवतो.”

मयूरीनं तोंड फिरवून डोळे पुसले. लिमये तर हुंदकेच द्यायला लागले. नऊ वर्षं छातीवर ठेवलेलं कुणीतरी उचललं, असं त्यांना झालं. आपल्या हातून एक तरी चांगलं झालं, वेळेवर नाही तरी झालं. घाईघाईनं ते म्हणाले, “बाई, घरी फोन लावा. आत्ताच लावा. आजींना इथूनच ऐकवू.”

दीपमालानं पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट बघितलं.

“कुणाला ऐकवू? आत्या गेल्या की. होळीच्या दिशी, सांच्याला.”

मयूरी उठून उभी राहिली. “अहो, मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू मॅडम? म्हनलं, आदी ऐकू तरी. काय वंगाळ बोलून गेला आसंल तर आत्या सुटल्या म्हणायचं, बरं झालं ऐकलं न्हाई म्हणायचं.” तिनं पडद्याकडं बोट केलं. “तर त्यात ह्ये निगालं.”

खालून रिक्षांचे आवाज येत होते. मग तिनं विचारलं, “आवं काका, ह्ये आसं उगडतंय, ह्ये तुमास्नी कवा कळलं?”

“परवाच कळलं त्यांना,” मयूरी म्हणाली. “तपासताना.”

गप्प बसायचं तर आताही बसता आलं असतं. सवय होती.

“नाही,” लिमये म्हणाले. “नऊ वर्षं झाली. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाही मला ठाऊक होतं.”

मयूरी त्यांच्याकडं बघतच राहिली. दीपमालानं मात्र नऊ वर्षांचं काही विचारलं नाही. तिला दुसऱ्याच तारखेचा हिशेब जुळवून बघायचा होता.

“म्हंजी ह्या म्हयन्यात, तीन तारखंला मॅडमनी तुमास्नी इचारलं, म्या हितंच बसले हुते… तवा?”

“होय.”

“तवा आत्या बोलत हुत्या काका. मानूस वळखत हुत्या. दारात कोण आलं तर म्हणायच्या, साताऱ्यासनं काय निरोप आला का बघ. दहा दिस हुत्या त्या.” आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं.

लिमये उठले. दोन्ही हात जोडले, “बाई, मी—” एवढंच जमलं. तिनं त्या हातांकडं बघितलं नाही, नको म्हटलं नाही, असू दे म्हटलं नाही. मयूरीकडं वळून ती म्हणाली, “मॅडम, आजून एकडाव लावा.”

मयूरीनं परत लावलं. वारा आला, माणूस खाकरला, आणि आईला सांगू लागला, मला राग न्हाई. लिमये हात जोडून उभे होते. बसा म्हणून कुणी म्हटलं नाही.